एकच टिक

प्रज्ञाचा अर्ज आम्ही तिघींनी तपासला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात तिचा दोष पाव हिस्सा. उरलेला आमचा.

आम्ही म्हणजे भिंगारच्या एसएफ क्वार्टर्समधल्या बायका. कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी नवऱ्याची बदली झाली, की फौजेतल्या कुटुंबांना ही घरं मिळतात. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे चार पावलांचा व्हरांडा. दर मंगळवारी दुपारी तीनला आम्ही माझ्याकडे जमत असू, कारण भोवती चार खुर्च्या मावतील असं टेबल फक्त माझ्याकडे होतं.

सुरुवात सत्यशीलाताईंनी केली. त्या इंग्रजीच्या शिक्षिका. एकवीस वर्षांत सहा राज्यांतल्या नऊ शाळांमध्ये त्यांनी शिकवलं आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा खालच्या पायरीपासून. मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात त्या दारात येऊन म्हणाल्या, "मी शेजारची. तुमचं शिक्षण काय?"

माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तोवर प्रत्येक छावणीत मला पहिला प्रश्न ‘साहेब कुठल्या युनिटचे?’ हाच आला होता. मी जरा थांबून म्हणाले, "एम.एस्सी. केमिस्ट्री."

"मग घरात बसलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडून एक पत्र पाच वेळा लिहून घेतलं. चार महिन्यांनी मी एमआयडीसीतल्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सोमवार, बुधवार, शुक्रवार जाऊ लागले. नंतर श्रीगोंद्याची ज्ञानेश्वरी आली. ती बी.कॉम. होती आणि आपल्याला काही येत नाही असं तिचं ठाम मत होतं. आम्ही दोघींनी तिला जीएसटीच्या कोर्सला ढकललं. आता ती घरी बसून भिंगारच्या तीन दुकानांची विवरणपत्रं भरते आणि उशीर केला तर दुकानदारांना दम देते.

मंगळवारच्या टेबलाचा नियम एकच. तिथे नवऱ्याचा हुद्दा, बदली, रजा यांतलं काही काढायचं नाही. जिच्या तोंडून ‘आमचे हे’ निघेल तिने सगळ्यांचा चहा करायचा.

प्रज्ञा गेल्या जूनमध्ये आली. ती तिसगावची, बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, फर्स्ट क्लास. नवरा प्रशांत साळवे, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये नायक. मुलगी यशोधरा पहिलीत. पहिल्या मंगळवारी प्रज्ञा खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाऊण तासात सात वेळा ‘आमचे हे’ म्हणाली. पुढचे तीन महिने चहाचं पातेलं तिच्याच ताब्यात होतं.

नोव्हेंबरात जाहिरात आली. एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीला प्रयोगशाळेसाठी एक जण हवा होता. पदवी मायक्रोबायॉलॉजी किंवा केमिस्ट्रीची, वय बत्तीसच्या आत. प्रज्ञा एकतीस वर्षं आठ महिन्यांची होती.

"तेवीस महिने मी हलणार नाही, ताई," तिने बोटांवर मोजून सांगितलं. प्रशांत ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी वर लडाखच्या बाजूला गेला होता. लग्नानंतर ती कुठल्याही गावात चौदा महिन्यांपेक्षा जास्त राहिली नव्हती. बबिन्याला एका पॅथॉलॉजी लॅबने तिला बोलावलं, तर रुजू व्हायच्या आठवड्यात बदली आली. पतियाळ्याला तेच. "आता नाही जमलं तर वय निघून जाईल. मग यशू मोठी होईल आणि मी म्हणत बसेन, माझ्याकडे पण डिग्री होती."

तिने डोळे वगैरे पुसले नाहीत. टेबलावरची शेंगदाण्याची टरफलं गोळा केली, एवढंच. पण सत्यशीलाताईंनी चष्मा लावला आणि लॅपटॉप ओढून घेतला.

अर्ज प्रज्ञाने भरला. मग तो आम्हा तिघींच्या हातांखालून गेला. सत्यशीलाताईंनी इंग्रजी पाहिलं आणि एकाच परिच्छेदातले तीन ‘रिस्पेक्टेड सर’ काढून एक ठेवला. ज्ञानेश्वरीने तारखा जुळवल्या. मधल्या सात वर्षांच्या रिकाम्या जागेत काय लिहायचं यावर वाद झाला. शेवटी खरं तेच लिहिलं: पतीच्या बदल्यांमुळे नोकरी नाही, वाचन चालू. मी टक्केवारी दोन दशांशांपर्यंत केली, तिला येणाऱ्या चाचण्यांची नावं नीट लावली आणि सवयीने फोन नंबरचे आकडे मोजले. दहा होते.

तयारी माझ्या व्हरांड्यात झाली. मी लॅबमधून एक जुना लॅक्टोमीटर मागून आणला. दुधात सोडायची काचेची कांडी. दूध जितकं दाट तितकी ती वर तरंगते. दूध आमच्याकडे गोरक्षनाथ घालायचा. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, कानाला मफलर. पहिल्याच सकाळी प्रज्ञाने त्याच्या दुधात कांडी सोडली आणि वाकून पाहिलं. चोवीस. तीसच्या आसपास यायला हवं होतं.

"म्हशीनं पानी जास्त पेलं आसंल, मॅडम," गोरक्षनाथ म्हणाला.

"म्हशीनं प्यालेलं पाणी दुधात उतरत नाही, दादा."

"मंग कशानं झालं?"

"तेच विचारतेय."

दुसऱ्या दिवशी एकोणतीस आलं. "आज म्हैस तहानलेली दिसतेय," ज्ञानेश्वरी तिच्या दारातून ओरडली. गोरक्षनाथ हसला आणि त्या दिवसापासून आमच्या लाइनीत यायच्या आधी दोन घरं थांबून विचारू लागला, "आज टेस्टिंग हाय का?" आठवड्यातून एकदा तरी हाय म्हणायचं असं आम्ही ठरवून टाकलं.

मंगळवारी मुलाखतीची तालीम. सत्यशीलाताई साहेब.

"स्वतःविषयी सांगा."

"सर, मी नायक प्रशांत साळवे यांची पत्नी..."

"चहा!" आम्ही तिघी एकदम.

प्रज्ञाने जीभ चावली आणि उठून गॅस पेटवला. ज्ञानेश्वरीने तिला तिथूनच पुढचा प्रश्न टाकला. "तुम्ही मिलिटरीवाल्या. उद्या बदली झाली की चालल्या. तुम्हाला शिकवायचं कशाला?"

प्रज्ञा आल्याचा तुकडा हातात धरून उभी राहिली.

"अगं, उलट विचार ना," ज्ञानेश्वरी म्हणाली. "साहेब, तुमच्याकडे माणूस सरासरी किती टिकतो?"

"असं साहेबाला विचारतात का?" सत्यशीलाताई.

"मी रोज विचारते दुकानदारांना. काय होतं? जरा डोळे मोठे करतात आणि सांगतात."

अर्ज गेला. डिसेंबर गेला. फोन आला नाही.

ज्ञानेश्वरी म्हणायची, आपण फोन करू. सत्यशीलाताई म्हणायच्या, बोलावणं आल्याशिवाय जाऊ नये, बरं दिसत नाही. मी सत्यशीलाताईंच्या बाजूची होते. आमच्या आयुष्यात हुकूम आला की सामान बांधायचं असतं. हुकूम कधी येणार असं कुणी फोन करून विचारत नाही. आम्हाला वाट पाहायची सवय होती आणि ती सवय आम्ही गुण समजत होतो. प्रज्ञाने हळूहळू विषय काढणं सोडलं. मंगळवारी यायची, पण लॅक्टोमीटर तिने धुऊन, कापडात गुंडाळून मला परत दिला होता.

"दुसऱ्या कुणाला घेतलं असेल, ताई. राहू दे."

जानेवारीत एका गुरुवारी सकाळी तिची आई आली. गीताबाई तिसगावच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. उंचीने लहान, चालण्यात घाई. एसटीतून उतरून सरळ आल्या त्या पिशवीत हुरडा, बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन. त्यातला हुरडा आमच्या वाट्याचा म्हणून ज्ञानेश्वरीला आणि मला बोलावणं आलं. सव्वाअकरा वाजले असतील. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून यशू घरीच होती आणि आजीच्या पिशवीत हात घालून बसली होती.

"जयभीम, मॅडम," गीताबाई मला म्हणाल्या. "लेक सांगती, तुमी लई शिकवलं तिला. मंग नोकरी का लागंना?"

"आई, जाऊ दे ना," प्रज्ञा म्हणाली.

"जाऊ दे काय? काय लिवलं हुतं ते दाखव तरी मला."

"तुला इंग्रजी कुठं येतं?"

"दाखव म्हन्ते ना."

प्रज्ञाने फाइलमधून अर्जाची प्रत काढून दिली. गीताबाईंनी ती खिडकीपाशी नेली. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत, आकडे येतात. वीस वर्षं पोरांची वजनं लिहिली आहेत. बोट ठेवून त्या एकेक आकडा वाचू लागल्या.

"हे काय?"

"जन्मतारीख."

"आन हे?"

"टक्के."

बोट खाली सरकलं. थांबलं. "आन जावयबापूंचा नंबर कशाला घातलाय हितं?"

ज्ञानेश्वरीच्या तोंडात हुरडा होता, तो तसाच राहिला.

"ह्यो त्येंचाच हाय," गीताबाई म्हणाल्या. "शेवटाला सात सात चार. तुजा न्हाई ह्यो."

गीताबाईंकडे बटणांचा फोन आहे. त्यात त्या कुणाचंही नाव साठवत नाहीत. नाव घातलं की नंबर डोक्यातून जातो, असं त्यांचं म्हणणं. तिसगावातल्या चाळीस-एक माणसांचे आणि दोन्ही जावयांचे नंबर त्यांना तोंडपाठ आहेत.

मी तो कागद हातात घेतला. दहा आकडे. मी मोजले होते. कुणाचे, हा प्रश्न मला पडला नव्हता.

कारण कॅन्टीनच्या कार्डावर, मिलिटरी हॉस्पिटलच्या पुस्तकात, मुलांच्या शाळेत, गॅससाठी, आम्ही वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो: नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, मोबाइल. पेन हातात आलं की हात आपोआप तिकडे जातो. तिघींनी अर्ज वाचला आणि तिघींना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तिघींनीही तसाच भरला असता. एवढंच नाही. मला त्याच क्षणी आठवलं की माझ्या लॅबमध्येही माझ्या नावापुढे ह्यांचाच नंबर आहे. उद्या लॅब बंद आहे असा मेसेज जम्मूला जातो आणि तिथून ते मला कळवतात. दीड वर्षात मला ते एकदाही विचित्र वाटलं नव्हतं.

प्रशांतच्या ठाण्यावर रेंज नव्हती. त्याचा मोबाइल बंद करून पेटीत ठेवलेला असायचा. युनिटच्या फोनवरून त्याची पाळी येईल तेव्हा तो दोन मिनिटं बोलायचा. कधी आठ दिवसांनी, कधी वीस.

"ईमेल कुणाचा दिलाय?" ज्ञानेश्वरीने घास गिळून विचारलं.

"ह्यांनीच उघडून दिलेला," प्रज्ञा म्हणाली. "पासवर्ड त्यांच्याकडे आहे." ती खाली बसली.

"आता तरी फोन करायचा का?" ज्ञानेश्वरीने माझ्याकडे पाहून विचारलं. टोमणा होता आणि मी तो घेतला. जाहिरातीवरचा नंबर मीच लावला.

एका बाईने उचलला. मी नाव सांगितलं.

"प्रज्ञा साळवे? अहो मॅडम, आहात कुठे तुम्ही? तीन वेळा फोन केला, स्विच ऑफ. मेसेज टाकला तर एकच टिक. दहा दिवस झाले, एकच टिक!"

"मुलाखत झाली का?"

"आजच आहे. चालू आहे. साडेदहापासून. तुम्हाला गैरहजर लावायला पेन उचललं होतं मी."

"किती वाजेपर्यंत?"

"शेवटचा उमेदवार आत जाईपर्यंत. साडेबारा धरा. त्यानंतर सर जेवायला जातात आणि मग कुणाचं ऐकत नाहीत."

अकरा पंचवीस झाले होते.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत मला एक गोष्ट कळली: आम्हाला आमचा फोन नंबर नीट लिहिता येत नसेल, पण हलायला सांगितलं तर आमच्यासारखं कुणी हलत नाही. फौजीच्या घरात सगळी प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये, एकाच पेटीत, वरच्या थरात असतात. ती फाइल अर्ध्या मिनिटात बाहेर आली. ज्ञानेश्वरी धावत जाऊन स्वतःचा इस्त्रीचा निळा कुर्ता घेऊन आली. गीताबाईंनी लेकीचा चेहरा ओल्या पंच्याने पुसला, ती पाच वर्षांची असावी तसा. मी सत्यशीलाताईंना फोन लावला. सुट्टी असूनही त्या शाळेत मीटिंगला बसल्या होत्या. मी एका वाक्यात सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नंबर मी वाचला होता," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत." मग त्यांचा वर्गातला आवाज आला. "तिला म्हणावं केस विंचर. पाणी पी. आणि निघा!"

माझ्या स्कूटीवर प्रज्ञा मागे, फाइल आमच्या दोघींच्या मध्ये. भिंगारहून एमआयडीसी दहा-अकरा किलोमीटर. डीएसपी चौकात सिग्नल लागला. पुढे मनमाड रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्याला ओलांडायला जागा नाही. मी हॉर्न वाजवत राहिले. ट्रॅक्टरवाल्याने मागे न बघता हात हलवला, म्हणजे थांबा असा की जा असा ते कळलं नाही. मी ‘जा’ धरलं.

"ताई, मी महिनाभर काही वाचलं नाहीये," मागून आवाज आला.

"दुधात काय बदललं असणार महिन्याभरात?"

ती हसली. निदान पाठीला तसं जाणवलं.

बारा दहाला आम्ही डेअरीच्या कार्यालयात पोहोचलो. फोनवरच्या बाईंनी आम्हाला पाहून कपाळाला हात लावला आणि लगेच प्रज्ञाला आत सोडलं. तिच्याआधी एक मुलगा बाकी होता. मग ती.

प्रयोगशाळेच्या भिंतीला कमरेच्या उंचीपासून वर काच होती. मी बाहेरच्या बाकावर बसले. तिथून आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. साहेब पन्नाशीचे, पांढरा कोट, कपाळाला आठ्या. दारावर नाव होतं: रविराज, पुढचं आडनाव पुसट झालेलं. त्यांनी अर्ज वर धरून त्यावर बोट आपटलं. काय विचारलं ते मला न ऐकताही कळलं. प्रज्ञाचे ओठ थोडेसेच हलले. साहेबांच्या आठ्या तशाच.

दहा मिनिटं बोलणं झालं. मग त्यांनी मागच्या फ्रीजमधून दुधाची एक बाटली काढली, मोठं काचपात्र भरलं, शेजारी लॅक्टोमीटर ठेवला आणि हाताने खूण केली: करा.

हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. कांडी सोडायची, वाकायचं, वाचायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

प्रज्ञाने कांडी उचलली नाही.

ती नुसती उभी राहिली. मी बाकावरून उठले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं; बारा पन्नास झाले होते. विसरली, मला वाटलं. घाबरली आणि सगळं विसरली. एवढा रस्ता मी हॉर्न वाजवत आणली ते यासाठी? मग तिने उजव्या हाताची मागची बाजू काचपात्राला लावली, यशूचा ताप बघावा तशी. आणि काहीतरी विचारलं.

मी पुन्हा खाली बसले. आता मला कळलं होतं.

लॅक्टोमीटरच्या खुणा सत्तावीस अंश तापमानासाठी असतात. फ्रीजमधलं गार दूध दाट होतं, त्यात कांडी वर येते आणि आकडा चढतो. पाणी घातलेलं दूधसुद्धा मग चोख दिसतं. तिने थर्मामीटर मागितला होता. मग कोमट पाण्याचं भांडं मागितलं. काचपात्र त्यात ठेवलं, थर्मामीटर सोडला, आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. साहेब तिच्या शेजारी उभे. दोघंही दुधाकडे बघताहेत. बाहेर डब्यांचे आवाज सुरू झाले, कुणीतरी दारातून डोकावून ‘सर, जेवायला?’ असं विचारून गेलं. साहेबांनी मान न वळवता हात हलवला. तो हात थांबा असा होता, त्यात शंका नव्हती.

बारा मिनिटांनी तिने कांडी सोडली, वाकून वाचलं, कागदावर लिहिलं. साहेबांनी कागद पाहिला. आठ्या गेल्या नाहीत, पण त्यांची जागा बदलली.

परतताना मी स्कूटी पहिल्याच चहाच्या टपरीपाशी थांबवली. "सांग. पहिल्यापासून."

"पहिलं तेच विचारलं. लागत नाही असा नंबर कशाला दिला? म्हणाले, माझ्याकडे दिवसाला दोनशे नमुने येतात. ज्याला स्वतःच्या अर्जावर नंबर लिहिता येत नाही त्याला मी लेबल लावायला देऊ?"

"मग?"

"मी म्हटलं, सर, लेबल चुकलंय हे खरं. सवयीने नवऱ्याचं लावलं. नमुना घेऊन मी स्वतः आलेय, तो तपासा."

मी चहा सांडला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. तोंडातून गेलं. मग म्हणाले, बदली झाली की जाल. मी ज्ञानेश्वरीचं विचारलं. माणूस किती टिकतो?"

"विचारलंस?"

"हो. म्हणाले, सरासरी सात महिने. मग मी म्हटलं, मी एकवीस महिने आहे. नोव्हेंबरात तेवीस होते, दोन वाट बघण्यात गेले."

"आणि दूध?"

"पाणी होतं. फ्रीजमधलं तसंच बघितलं असतं तर तीस आलं असतं. सव्वीस आलं." तिने कप खाली ठेवला. "अकरा जणांत आणखी एकानेच थर्मामीटर मागितला म्हणे. राहुरीचा मुलगा. त्याला डेअरीचा अनुभव आहे. कळवतो म्हणाले."

निघताना कार्यालयातल्या बाईंनी तिला कागद पुढे केला होता: आता तरी चालू नंबर लिहा. प्रज्ञाने पेन घेतलं आणि थांबली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, माझा नंबर काय?" स्वतःला कोण कधी फोन करतं? मी माझ्या मोबाइलमध्ये तिचं नाव काढून एकेक आकडा सांगितला. बाईंनी तो आमच्यासमोर लावून पाहिला. प्रज्ञाच्या पर्समध्ये वाजला, तेव्हा त्यांनी मान्य केला.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी प्रज्ञा मोरीत कपडे धूत होती आणि फोन वाजला तो गीताबाईंनी घेतला. मी माझ्या व्हरांड्यातून ऐकलं, कारण गीताबाई फोनवर तिसगावला थेट ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात.

"व्हय, तिचाच हाय नंबर. मी आई... न्हाई, कपडे धुती... सोमवारी? सातला? येईल की. का न येईल!... व्हय, व्हय. जयभीम."

प्रज्ञा साबणाच्या हातांनी बाहेर आली. "कुणाचा होता?"

"डेरीवाल्या बाईंचा. सोमवारी सातला बोलीवलंय. मी हो म्हनले."

"कशाला बोलावलंय? नोकरी लागली का?"

"मंग काय हळदीकुंकवाला बोलीवत्यात व्हय सातला?"

प्रज्ञाने तिथेच परत फोन लावला, साबणासकट, आणि खात्री करून घेतली. मग तिने काय केलं ते मला दिसलं नाही. ज्ञानेश्वरी मध्ये आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओल्या झाल्या.

मंगळवारची बैठक त्या आठवड्यात रविवारीच घेतली. पाळी सात ते तीन. यशूची शाळेची बस सात चाळीसला. प्रज्ञाला घर सव्वासहाला सोडायचं. मधला दीड तास टेबलावर ठेवला आणि वाटून घेतला: सोमवारी, मंगळवारी ज्ञानेश्वरी; बुधवारी सत्यशीलाताई, त्यांच्या शाळेच्या वाटेवर; गुरुवारी, शुक्रवारी मी. शनिवारी शाळा नाही, त्या दिवशी यशू ज्याच्या घरी पोहे असतील तिथे. गीताबाई म्हणाल्या, "पयला आठवडा मी हाय. मंग तुमी बगा." शिवाय प्रत्येकीने मोबाइल काढून आपापल्या सगळ्या अर्जांची, कार्डांची यादी केली. सोमवारी मी लॅबमध्ये जाऊन माझा नंबर बदलून घेतला. आमच्या ऑफिसातल्या मुलाने विचारलं, "आधीचा कुणाचा होता मॅडम?" मी म्हटलं, जुना होता.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी चारच्या सुमाराला भाजीची गाडी आली तेव्हा आम्ही चौघी तिच्याभोवती होतो. प्रज्ञा नुकतीच घरी आली होती. कोट हातावर, पायात बंद बूट.

"आज प्रशांतचा फोन आला होता," ती म्हणाली. "खाली बेसला आलाय सामान न्यायला. तिथं रेंज आहे. मोबाइल चालू केला तर सगळे मेसेज एकदम. सकाळी दहाला फोन. नुसता ओरडत होता. ‘प्रज्ञा, डेअरीतून बोलावलंय! मुलाखत आहे! आताच्या आता नीघ!’"

ज्ञानेश्वरीने हसता हसता टोमॅटोच्या ढिगाला हात टेकला.

"तू काय म्हणालीस?" सत्यशीलाताईंनी विचारलं.

"टँकर लागला होता ताई, नमुने घ्यायचे होते. म्हटलं, मी तिथंच ड्यूटीवर आहे, आत्ता बोलता येत नाही."

"मग?"

"मला वाटलं रेंज गेली." प्रज्ञाने मेथीची जुडी उचलून मुळं झटकली. "मग म्हणाला, ‘बरं. कधी सुटतेस?’"